थकहमी आणि थकलेला पगार

बुडत्या कारखान्याला सरकारने हात द्यावा की नाही, हा प्रश्न जेव्हा जेव्हा उपस्थित होतो तेव्हा तेव्हा बहुतेकांची उत्तरे प्रश्न नीट ऐकण्यापूर्वीच ठरलेली असतात. २००८ च्या नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख आपापल्या खासगी विमानांतून वॉशिंग्टनला उतरले आणि त्यांनी सरकारी खजिन्यापुढे पदर पसरला, तेव्हा एका पक्षाला त्या दुर्दशेत कामगार संघटनेच्या हावरेपणाचे फळ दिसले, तर दुसऱ्याला व्यवस्थापनाच्या अदूरदर्शित्वाचे. आणि या दोन्ही पक्षांच्या गदारोळात, कारखाना बुडतो म्हणजे नेमके कोणाचे काय बुडते, ही साधी चौकशी मागे पडली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे अजूनही सर्वांच्या तोंडी असलेल्या नगरातल्या, माणसाला हा वाद परका वाटू नये. मोटारगाड्यांचे कारखाने आमच्याकडे नसले तरी बुडते कारखाने आहेत, त्यांत संघटित कामगार आहेत, आणि त्यांच्यासाठी मुंबईला जाणारी शिष्टमंडळेही आहेत. ती विमानाने जात नाहीत, एवढेच.

वाहनांच्या धंद्याचा विषय निघालाच आहे तर नगरनेही एक वाहन देशाला दिले आहे, याचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. ज्या फिरोदिया घराण्यातील कुंदनमलजींनी १९४६ पासून १९५२ पर्यंत मुंबई विधानसभेचे सभापतिपद भूषविले, त्याच घराण्यातील एच. के. फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग स्थापन केली आणि १९७२ च्या सुमारास ‘लूना’ ही पन्नास सीसीची मोपेड बाजारात आणली. शाळामास्तर, दूधवाले, टपाल खात्यातले कारकून आणि नुकतीच नोकरीला लागलेली मुले अशा एका अख्ख्या वर्गाला तिने सायकलीवरून उचलून यंत्रावर बसवले. पुढे काळ फिरला. फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी मोपेडला गिळले, होंडाशी असलेली भागीदारी १९९८ मध्ये संपली, आणि २००८ मध्ये दुचाकींचा व्यवसाय महिंद्राच्या हाती गेला. मात्र नगर–दौंड रस्त्यावरचा कारखाना इतरांच्या गाड्यांसाठी गिअर आणि सुटे भाग बनवीत तगला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणाऱ्या लूनाने तो जुना शब्द पुन्हा रस्त्यावर आणला. या साऱ्या पडझडीत आणि फेरउभारणीत विधिमंडळात कोणी कंपनीसाठी थकहमीचा ठराव मांडल्याचे ऐकिवात नाही. या दाखल्यावरून, ज्यात जीव असेल ते आपोआप जगते, असा सिद्धांत काढायला काही मंडळी उतावीळ असतात. पण वाचलेला कारखाना म्हणजे वाचलेला कामगार नव्हे, आणि एका उत्पादनावरून दुसऱ्यावर जाताना जी माणसे वाटेत गळतात त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते, एवढे भान ठेवूनच त्या सिद्धांताकडे पाहावे.

आता ज्या धंद्यात सरकार आणि कारखाना यांची गाठ जन्मतःच पडलेली आहे त्याकडे वळू. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष म्हणून मिळवला, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हा उद्योग व्यक्तिगत साहसाचा होता हे खरे. पण सरकारने त्याचे भाग घेतले नसते आणि वित्तसंस्थांनी कर्ज दिले नसते, तर ते साहस गावसभेच्या ठरावापलीकडे गेले नसते, हेही तितकेच खरे. त्यापूर्वी या जिल्ह्यात हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, चांगदेव, साकरवाडी असे खासगी कंपन्यांचे कारखाने होते, आणि त्यांच्या ऊसमळ्यांत नगर जिल्ह्यातला कुणबी आपल्याच खंडाने दिलेल्या जमिनीवर मजुरी करीत असे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ते मळे कंपन्यांच्या हातून सुटले, शेती महामंडळाकडे गेले, आणि सहकारी कारखानदारीचा मार्ग अधिक मोकळा झाला. पुढच्या काळात रूढ झालेल्या हिशेबाने नव्या कारखान्याच्या खर्चातला सुमारे दहा टक्के हिस्सा ऊसउत्पादक सभासदांनी, तीस टक्के राज्य सरकारने भागभांडवलरूपाने, आणि उरलेला साठ टक्के वित्तसंस्थांनी कर्जरूपाने उभा करावयाचा, आणि त्या कर्जालाही बहुधा सरकारनेच हमी द्यावयाची. म्हणजे ज्याला आज ‘सरकारने वाचवणे’ म्हणतात ते इथे आपत्काळी घडणारे कृत्य नसून पाळण्यापासूनचा व्यवहार आहे. तेव्हा ‘बाजाराच्या कामात सरकारने पडू नये’ हे वचन घेऊन संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीगोंदे इथे फिरणाऱ्या विद्वानाला लोक चहा पाजतील आणि वाटेला लावतील.

सरकार असा जन्माचा भागीदार असेल तर त्याने भागीदाराच्या अडचणीत उभे राहावे, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण भागीदार वहीखाते पाहतो, आणि थकहमी देणारा ते पाहतोच असे नाही. थकहमीचे खरे स्वरूप समजून घेतले पाहिजे. संविधानाच्या २९३ व्या अनुच्छेदाने राज्याला आपल्या संचित निधीच्या तारणावर हमी देता येते. हमी देताना खजिन्यातून पैही जात नाही, अर्थसंकल्पात खर्च म्हणून ती दिसत नाही, सभागृहात तिच्यावर कपातसूचना येत नाही. आणि कर्ज बुडाले, हमी वसुलीस आली, म्हणजे ती देणाऱ्या मंत्र्याच्या जागी दुसरा कोणी आलेला असतो. फुकट औदार्याचा इतका सोयीस्कर प्रकार राज्यकारभाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल. जुन्या रियासतीतली तगाई निदान रोख मोजून द्यावी लागे आणि तिची वसुली, तहकुबी, सूट यांची कैफियत मामलेदाराला वर पाठवावी लागे. २०२४ मध्ये राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून राज्यातल्या निवडक कारखान्यांना खेळत्या भांडवलासाठी कर्जे मिळाली, त्यांना राज्याची हमी होती, आणि निवड करताना सत्तापक्षाच्या नेत्यांची सोय पाहिली, असा आरोप विरोधकांनी केला. आरोप करणारे सत्तेवर असताना वेगळे वागले होते असे म्हणणे धाडसाचे होईल.

पण या लेखाचा विषय निवडीतला पक्षपात नाही. कारखाना पैशाला महाग झाला की रांगेत कोण कुठे उभा असतो, हे मला पाहावयाचे आहे, कारण मदतीचा न्याय त्या रांगेवरून ठरतो. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी पूर्वहंगामी कर्ज घेतले जाते. मोळी गव्हाणीत पडली, साखरेची पोती गोदामात गेली, की त्या पोत्यांवर मालतारण कर्ज निघते, आणि प्रत्येक पोत्याच्या विक्रीतून बँक आपले हप्ते आधी कापून घेते. म्हणजे बँक पहिली. ऊसउत्पादकाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दर मिळाला पाहिजे, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज. आणि दर थकला तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा दाखला काढतो, कलेक्टर कारखान्याच्या साखरेवर जप्ती आणतो. ही जप्ती पुष्कळदा कागदावर राहते. तरीपण शेतकऱ्याच्या बाजूने निदान एक कागद आहे, संघटना आहेत, आणि निवडणुकीच्या दिवशी बोटाला लावावयाची शाई आहे. यंत्रसामग्री पुरविणारा व्यापारी आगाऊ रक्कम घेतो किंवा माल देत नाही. राहिला कामगार. त्याचा पगार सहा महिने, वर्षभर, कधी दोन वर्षे थकतो. हंगामी कामगाराचा बंद हंगामातला रिटेन्शन भत्ता तर विसरण्याच्या सदरात जातो. भविष्य निर्वाह निधीचा हप्ता पगारातून कापला जातो आणि निधीत पोचत नाही. व्याज नाही, तारण नाही, सहजासहजी दाखला नाही, आणि बॉयलर पेटला म्हणजे कामावर यावेच लागते, कारण न आलेल्याचे नाव आधी कटते.

या व्यवहाराला पगार थकणे म्हणतात. वास्तविक ते कर्ज आहे. कामगाराने कारखान्याला दिलेले, सक्तीचे, बिनव्याजी आणि बेमुदत कर्ज. ज्या दिवशी सरकारने थकहमी दिली त्या दिवसाच्या कितीतरी आधी कामगाराने आपल्या मुलांच्या फीचे, घराच्या हप्त्याचे, किराणा दुकानाच्या उधारीचे भांडवल त्या कारखान्यात ओतलेले असते. म्हणून ‘कारखान्याला सरकारने वाचवावे का’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कारखान्याला वाचविणारा पहिला माणूस सरकार नव्हेच; आणि सरकार जेव्हा येते तेव्हा ते पूर्वीच्या या वाचविणाऱ्याला काय देते, हे विचारल्याखेरीज सरकारच्या मदतीचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

राहुरीचा डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे कारखाना या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. प्रवरेच्या पाठोपाठ उभा राहिलेला, मुळा नदीच्या आणि कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या सधन पट्ट्यातला हा कारखाना जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या कर्जाखाली दबून बंद पडला आणि बँकेने थकबाकीपोटी त्याचा ताबा घेतला. तालुक्यातल्या उसाचे काय झाले? तो शेजारच्या कारखान्यांनी नेला. तोडीला उशीर झाला, वजन घटले, भावात मार बसला. पण ऊस गाळला गेला. बँकेचे काय झाले? तिच्याकडे यंत्रे आणि जमीन तारण आहे. कामगारांनी थकीत वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांसाठी धरणी धरली, उपोषणे केली, कारण पंचविशीपासून बॉयलरजवळ किंवा पॅनवर घालविलेली हयात दुसऱ्या तालुक्यात वाहून नेता येत नाही. पन्नाशीच्या पॅनमनला नवा कारखाना घेत नाही. ऊस ट्रॉलीत भरता येतो. मनुष्याचे कसब तसे भरता येत नाही.

खासगी कंपनी बुडाली असती तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कामगाराच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला, प्रक्रियेचा खर्च वजा जाता, तारणधारक बँकेच्या बरोबरीचे स्थान दिले असते. ती संहिता कंपन्यांसाठी आहे. राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था तिच्या कक्षेबाहेर. म्हणजे शेतकऱ्यांच्या स्वराज्याचे प्रतीक म्हणून जो कारखाना आपण गौरवितो, त्यातला कामगार भांडवलदाराच्या कारखान्यातल्या कामगाराहून कायद्याने दुबळा आहे. भविष्य निर्वाह निधीपुरता मात्र अपवाद आहे: साखर कारखान्यांच्याच प्रकरणात, राज्य सहकारी बँकेविरुद्ध, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरदेखील निधीच्या थकबाकीचा हक्क आधीचा आहे. निधीला जो न्याय लागू झाला तो पगाराला का लागू होऊ नये, याचे समर्पक उत्तर मला तरी कोणी दिलेले नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: संघटनांनीच कारखाने बुडविले. डेट्रॉइटमध्ये हा आक्षेप घेणाऱ्यापाशी निदान काही आकडे होते. निवृत्तांच्या औषधपाण्याचा भार प्रत्येक मोटारीच्या किमतीवर पडत होता, आणि तो करार व्यवस्थापनानेच, सुबत्तेच्या दिवसांत, संप टाळण्यासाठी केला होता. आमच्याकडे साखर कामगारांचे वेतन १९५७ च्या केंद्रीय वेतन मंडळापासून आणि पुढे राज्यातल्या त्रिपक्षीय समित्यांतून, कारखानदार आणि सरकार यांच्या सह्यांनी ठरत आले. लाल निशाण पक्षाच्या कॉ. दत्ता देशमुखांसारख्यांनी त्यासाठी झगडे केले हे खरे. पण त्या झगड्यांतून मिळालेला पगार चैनीचा होता असे म्हणणाऱ्याने एकदा कारखान्याच्या कॉलनीतले घर पाहावे. वेतनाचा बोजा खरोखर कुठे फुगला असेल तर तो नोकरभरतीत. निवडणूक जवळ आली की गटागटांतली पोरे रोजंदारीवर घ्यायची, पुढे कायम करायची, आणि एका यंत्रावर दोघांच्या जागी पाचजण उभे करायचे, ही करामत संघटनेची नव्हे, संचालक मंडळाची. संघटनेचा दोष असलाच तर तो निराळा आहे: पुष्कळ ठिकाणी तिचे पुढारी चेअरमनच्या मर्जीतले झाले, आणि पगार थकत असताना त्यांचा आवाज निघाला नाही. संघटना फार बळकट झाली म्हणून नव्हे, पुरेशी बळकट नव्हती म्हणून नुकसान झाले.

अमेरिकेने या प्रश्नाला दोनदा उत्तर दिले आणि दोन्ही उत्तरे आमच्या मुंबईतल्या मंत्रालयात वाचली जावीत अशी आहेत. १९८० च्या जानेवारीत क्रायस्लर कंपनीला दीडशे कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची हमी देणारा कायदा झाला. नुसती हमी नव्हे: बँकांनी सूट द्यावी, पुरवठादारांनी, विक्रेत्यांनी, कामगारांनी आपापला वाटा सोडावा, आणि सरकारला कंपनीचे भाग पुढे ठरल्या भावाने घेण्याचा अधिकार असावा. कामगारांनी पगार सोडला; त्या बदल्यात संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर जाऊन बसले. कर्ज १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी फिटले, आणि सरकारने आपला अधिकार विकून तीस कोटींहून अधिक डॉलर कमावले. थकहमी देऊन नफा झाल्याचे असे उदाहरण आमच्या सहकार खात्याला दंतकथाच वाटेल. २००९ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रमुखाला आधी घरी पाठविण्यात आले, मग कंपनी रीतसर दिवाळखोरीतून नेली, आणि नव्या कंपनीचे साठ टक्क्यांहून अधिक भाग सरकारकडे, तर साडेसतरा टक्के निवृत्त कामगारांच्या आरोग्यनिधीकडे गेले. त्या वेळी क्रायस्लरमध्ये तर तो हिस्सा पंचावन्न टक्के होता. कामगारांचे जे येणे होते ते अंशतः मालकीत रूपांतरित झाले. जनरल मोटर्सचे भाग २०१३ अखेर विकून संपले तेव्हा सरकारला हजार कोटींहून अधिक डॉलरचा तोटा झाला होता, आणि नव्या पोरांना जुन्यांच्या निम्म्या पगारावर राबविणारी दुहेरी वेतनश्रेणी पुढे वर्षानुवर्षे सलत राहिली. ते चित्र निर्मळ नाही. पण दोन्ही वेळा एक गोष्ट घडली: ज्याने सोडले त्याला काहीतरी मिळाले, आणि ज्याने बुडविले त्याची खुर्ची गेली. नगरकडे थकहमी येते तेव्हा खुर्ची जागची हलत नाही.

सरकारने कारखाना स्वतःच चालवायला घ्यावा, असे मात्र मी म्हणत नाही. ब्रिटनने १९७५ मध्ये लेलँड ही मोटार कंपनी ताब्यात घेतली आणि तिचा शेवटचा वारस २००५ मध्ये लाँगब्रिजला संपला. मुंबईत १९८२ च्या संपानंतर १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने घेतल्या. गिरणगावात आज त्यांचे काय उरले, हे सर्वांना ठाऊक आहे.

तिसरा मार्ग महाराष्ट्रात एकदा चोखाळला गेला, आणि तो विस्मरणात जावा हे मला खटकते. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स कंपनी मालकांच्या भांडणात १९८५ मध्ये बंद पडली. तिच्या कामगार संघटनेने कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने घ्यावा अशी योजना मांडली, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली, कामगारांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतले पैसे भांडवल म्हणून घातले, पगारात कपात पत्करली, आणि बँका व सरकार यांनी त्यावर कर्ज उभे केले. काही वर्षे कारखाना बरा चालला. पुढे खेळते भांडवल आटले आणि तो पुन्हा अडचणीत आला. अपयशाचा शेवट सांगून त्या प्रयोगाला निकालात काढणारे लोक, कितीएक सहकारी कारखाने चार चार वेळा कर्ज घेऊन बुडाले, ते मात्र सांगत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे की सरकारने मदत द्यावी. पण थकहमीच्या करारात पहिला लाभार्थी म्हणून कामगाराचे थकलेले वेतन लिहावे, बँकेचा हप्ता कापण्याआधी पोत्यामागे ठरावीक रक्कम त्या खात्यात जावी, जे वेतन लगेच देता येत नाही त्याच्या बदल्यात कामगारांच्या संस्थेला मताधिकार असलेले भाग मिळावेत, आणि ज्या संचालक मंडळाच्या काळात थकबाकी झाली त्याने मदतीच्या मुदतीत पद सोडावे. या अटी मान्य नसतील तर हमी देऊ नये आणि तीच रक्कम कामगारांच्या देण्यापोटी सरळ त्यांच्या खात्यात टाकावी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायामाणसांना सरकारने मजुरी थेट मोजली, ती कोणा चेअरमनमार्फत नव्हे. सभासद शेतकरी म्हणतील की कारखाना आमचा, त्यात कामगाराला मत कसले? त्यांना एवढेच विचारावे की ज्या हंगामात तुमचे बिल निघाले आणि त्याचा पगार निघाला नाही, त्या हंगामात कारखान्यात भांडवल कोणी घातले?

या साऱ्या योजनेतही एक माणूस बाहेरच राहतो, हे मला मान्य केले पाहिजे. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीडमधून दसरा–दिवाळीच्या सुमारास बैलगाडी घेऊन येणारा ऊसतोडणी मजूर कोणत्याच हजेरीपटावर नसतो. कामगार म्हणून त्याचे येणे निघत नाही. निघते ते देणे, मुकादमाने पावसाळ्यात दिलेल्या उचलीचे. कारखाना बंद पडला की कायम कामगार फाटकासमोर धरणे धरून बसतो, कारण त्याला आपली थकबाकी सिद्ध करता येते. तोडणीवाला धरणे धरीत नाही. त्याच उचलीपोटी तो बायकोपोरांसह पुढच्या कारखान्याच्या फडात कोपी घालतो, आणि कोणत्या कारखान्याला सरकारने हमी दिली आणि कोणत्याला नाही, याची वार्ता त्याच्यापर्यंत पोचत नाही.